डोलणाऱ्या खिडक्या

संगणकाच्या पडद्यावरची खिडकी पूर्वी रांगोळीसारखी असे. रांगोळी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ती पुसायची आणि नव्या जागी पुन्हा काढायची. लिनक्सच्या डेस्कटॉपवर पडद्याचा कारभार पाहणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. मेमरी तेव्हा महाग होती. त्यामुळे सगळ्या प्रोग्रामांना मिळून अंगण एकच, पडद्याचे. जो तो आपल्या वाट्याच्या चौकोनात थेट रेघा ओढी. एका खिडकीवर दुसरी आली की खालचा झाकलेला भाग सहसा कुठे जपून ठेवलेला नसे. वरची खिडकी सरकली की एक्स खालच्या प्रोग्रामला निरोप धाडी, ‘तुझा एवढा भाग उघडा पडला, पुन्हा काढ.’ तो प्रोग्राम दुसऱ्या कामात गुंतलेला असला तर उत्तराला उशीर होई, आणि तेवढ्यात वरच्या खिडकीचे फराटे खालच्या खिडकीवर उमटत जात.

या व्यवस्थेत खिडकी हलवता येई, पण वाकवता, वितळवता किंवा आरपार पाहता येत नसे. त्या काळी आज्ञा टाइप करायच्या काही टर्मिनल खिडक्या पारदर्शक असल्याचे सोंग आणत. डेस्कटॉपच्या भिंतीवर लावलेल्या चित्राचा तेवढाच तुकडा उचलून त्या स्वतःच्या पार्श्वभूमीला चिकटवत. मागे दुसरी खिडकी आली की सोंग उघडे पडे, कारण त्या ‘काचे’तून मागची खिडकी दिसायच्या ऐवजी भिंतच दिसे.

२००४ च्या सप्टेंबरमध्ये एक्सची, एक्स.ऑर्ग या नावाने, ६.८ ही आवृत्ती निघाली आणि रांगोळी पाटावर आली. कीथ पॅकार्ड यांनी घडवलेले ‘कंपोझिट’ हे एक्स्टेन्शन तिच्यात होते. त्याच्यामुळे प्रत्येक खिडकी आपले पूर्ण चित्र पडद्याऐवजी मेमरीतल्या स्वतंत्र जागेत काढू लागली. वर दुसरी खिडकी असो वा नसो, चित्र अखंड राही. ही सगळी चित्रे खालून वर रचून शेवटचे दृश्य तयार करण्याचे काम एका वेगळ्या प्रोग्रामकडे गेले. त्याला कंपोझिटर म्हणतात. कोणत्या चित्राचा कोणता भाग बदलला हे त्याला सांगायला ‘डॅमेज’ नावाचे दुसरे एक्स्टेन्शन सोबत होते. रांगोळी पाटावर काढली की पाट उचलता येतो, तिरपा धरता येतो, दुसऱ्यावर ठेवता येतो. पुढच्या सगळ्या करामती या पाटामुळेच शक्य झाल्या.

पाटाची किंमतही मोजावी लागते. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांची एक खिडकी, दर ठिपक्याला चार बाइट, म्हणजे तीन मेगाबाइट. आजच्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर पूर्ण पसरलेल्या खिडकीला सुमारे आठ मेगाबाइट लागतात. अशा दहा खिडक्या उघडल्या की ऐंशी. १९८७ च्या संगणकाला हा खर्च झेपलाच नसता. २००४ पर्यंत मात्र घरच्या संगणकातही खेळांसाठी चांगली ग्राफिक्स कार्डे येऊ लागली होती. त्रिकोणांवर चित्रे गुंडाळून ती सेकंदाला साठ वेळा फिरवण्यात ती तरबेज होती, आणि मालक पत्र टाइप करत असताना ती नुसती बसून राहत. खिडकीचे चित्र या कार्डाच्या हाती ‘टेक्श्चर’ म्हणून सोपवता आले, तर खेळातल्या भिंतीवरची वीट जशी वळते तशी खिडकीही वळेल, एवढाच विचार शिल्लक होता.

तो २००६ मध्ये प्रत्यक्षात आला. नोव्हेल कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड रेव्हमन यांनी एक्सजीएल हा नवा एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्याचा कारभारी, आणि त्यावर चालणारा कॉम्पिझ हा खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर लोकांपुढे ठेवला. एक्सजीएलने एक्सचा सारा संसार ओपनजीएल या त्रिमितीय चित्रणाच्या व्यवस्थेवर नेऊन मांडला होता. त्याच सुमारास रेड हॅट कंपनीच्या मंडळींनी एआयजीएलएक्स हा दुसरा मार्ग काढला: घर नव्याने बांधण्याऐवजी आहे त्या एक्स सर्व्हरलाच एक दार पाडायचे. हा मार्ग मे २००६ च्या एक्स.ऑर्ग ७.१ मध्ये सामील झाला आणि पुढे तोच टिकला. कॉम्पिझ दोन्हींवर चाले.

या बाबतीत लिनक्स पहिला नव्हता. अ‍ॅपलच्या मॅक ओएस टेनमध्ये २००१ पासूनच खिडकी मिटताना दिव्यात शिरणाऱ्या जिनसारखी निमुळती होत जाई, आणि २००३ मध्ये एका वापरकर्त्याकडून दुसऱ्याकडे जाताना पडदा घनासारखा फिरू लागला. मायक्रोसॉफ्टची व्हिस्टा २००७ च्या जानेवारीत काचेसारख्या चौकटी घेऊन बाजारात आली. कॉम्पिझचे वेगळेपण त्याच्या बांधणीत होते. त्याचा गाभा लहान आणि प्रत्येक करामत एक स्वतंत्र प्लगइन. ज्याला प्रोग्रामिंग येते त्याने नवे प्लगइन लिहावे. ज्याला येत नाही त्याने असलेल्यांच्या कळा पिळून पाहाव्यात. मॅकवर करामत जशी मिळे तशी घ्यावी लागे. इथे वेग, वळण, घर्षण, रंग, सारेच हाताशी होते.

हौशी लोकांचा असा मेळा जमला की मतभेदही जमतात. रेव्हमन यांना गाभा नेटका ठेवायचा होता, कॉम्पिझच्या इंटरनेट मंचावरच्या उत्साही मंडळींना रोज नवे काही जोडायचे होते. २००६ च्या सप्टेंबरमध्ये ही मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी आपल्या शाखेला बेरिल नाव दिले. बेरिल हे एक खनिज आहे. पाचू आणि अ‍ॅक्वामरीन ही त्याचीच रूपे. म्हणून खिडक्यांच्या चौकटी रंगवणाऱ्या प्रोग्रामांची नावे एमरल्ड आणि अ‍ॅक्वामरीन पडली. वर्षभरातच दोन्ही चुली पुन्हा एक झाल्या आणि २००७ मध्ये कॉम्पिझ फ्यूजन हे नाव पुढे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवताराच्या ७.१० या आवृत्तीत योग्य यंत्रावर कॉम्पिझ आपोआप सुरू होऊ लागले. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी त्याच्या सीडी जगभर फुकट टपालाने पाठवत असे. ही सोय २०११ पर्यंत चालली. जिथे इंटरनेट संथ आणि महाग होते, त्या भारतातल्या कित्येक घरांत आणि वसतिगृहांत लिनक्स अशाच पाकिटातून आला.

करामती बसवण्याचे काम कॉम्पिझपासून सुरू होत नसे. ते कार्डापासून सुरू होई. पहिला प्रश्न असा की चित्रणाचे काम खरोखर कार्ड करते की प्रोसेसर कसेबसे ओढतो. टर्मिनलमध्ये ग्राफिक्सची माहिती देणारी एक आज्ञा चालवली की उत्तरात ‘डायरेक्ट रेंडरिंग’ ही ओळ येई. तिच्यापुढे ‘यस’ असले तर पुढे जायचे, ‘नो’ असले तर आधी ड्रायव्हर पाहायचा. इंटेलच्या मदरबोर्डवरच्या चिपांना याचा फारसा त्रास नव्हता, कारण त्यांचे ड्रायव्हर खुले होते आणि एआयजीएलएक्सशी त्यांचे जुळत असे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंद पेटीतला, पण २००६ च्या अखेरीस त्याने खिडकीच्या चित्राचे टेक्श्चर बनवण्याची सोय दिली. एटीआयच्या बंद ड्रायव्हरला हे ऑक्टोबर २००७ पर्यंत जमत नव्हते. तोवर त्या कार्डांच्या मालकांना एक्सजीएलचीच वाट धरावी लागे.

दुसरी पायरी एक्सच्या सेटिंगच्या फायलीची. तिच्यात कंपोझिट चालू असल्याची ओळ लिहायची, रंगांची खोली २४ ठेवायची, एनव्हिडिया असेल तर पारदर्शकतेसाठी आणखी एक ओळ जोडायची. ही फाइल उघडण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवणे हा या कामातला सर्वांत मोलाचा धडा. एखादे अवतरणचिन्ह सुटले तरी पुढच्या वेळी चित्रमय डेस्कटॉप उघडतच नसे, आणि समोर उरे काळा पडदा व त्यावर लुकलुकणारा कर्सर. अशा वेळी घाबरून जायचे कारण नसे. कंट्रोल, अल्ट आणि एफ-वन या कळा दाबल्या की अक्षरी कन्सोल उघडे. तिथे नाव व पासवर्ड देऊन जुनी प्रत जागेवर ठेवली की घर पूर्ववत. लिनक्सची आज्ञांची भाषा कित्येकांना कुठल्या वर्गात यायच्या आधी या काळ्या पडद्यासमोर आली.

तिसऱ्या पायरीवर विंडो मॅनेजर बदलायचा. लिनक्समध्ये खिडक्यांच्या कडा, शीर्षकपट्टी आणि हालचाल सांभाळणारा प्रोग्राम हा बदलता येणारा भाग असतो. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये तेव्हा मेटासिटी हे काम करी. टर्मिनलमध्ये कॉम्पिझला ‘रिप्लेस’ या सूचनेसह हाक मारली की ते चालत्या गाडीत चालकाची जागा घेई. उघडी कागदपत्रे जशीच्या तशी राहत. पडदा क्षणभर लवे आणि खिडक्यांखाली मऊ सावल्या पडत. सावली दिसली की बसवणे यशस्वी झाले असे समजायचे, कारण अर्धपारदर्शक सावली कंपोझिटरशिवाय पडत नाही.

फसण्याच्या तऱ्हाही ठरलेल्या होत्या, आणि प्रत्येक तऱ्हा आतल्या रचनेतला एकेक सांधा दाखवून जाई. खिडक्या पांढऱ्याफटक दिसल्या तर टेक्श्चर कार्डापर्यंत पोहोचत नाही. नव्या खिडक्या काळ्या उघडल्या तर कार्डाची मेमरी संपली आहे. शीर्षकपट्ट्या नाहीशा झाल्या, खिडकी मिटायला फुलीच उरली नाही, तर चौकटी रंगवणारा वेगळा प्रोग्राम कोसळला आहे. तो पुन्हा चालू केला की भागते. नीट चालणाऱ्या यंत्रात हे सांधे कुणाला दिसत नाहीत.

करामतींची निवड कॉम्पिझकॉन्फिगच्या सेटिंग मॅनेजरमध्ये होई. वर्गवार लावलेली चिन्हे, प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायचा चौकोन, आणि आत गेल्यावर कळांची आणि सरकपट्ट्यांची लांबलचक यादी. एकमेकांशी न पटणारी प्लगइने एकत्र निवडली की तो प्रोग्राम विचारी, कोणाला ठेवायचे? डेस्कटॉप भिंतीसारखा सपाट मांडणारे प्लगइन आणि घन करणारे प्लगइन एका घरात नांदत नाहीत.

घनाची खूण करूनही घन न मिळणे हा बहुतेकांचा पहिला अनुभव. कारण साधे पण लपलेले आहे. कॉम्पिझ वेगवेगळे डेस्कटॉप बनवत नाही. ते एकच लांबलचक डेस्कटॉप मानते आणि पडद्याएवढी चौकट त्यावर सरकवते. लांबी दोन पडद्यांची असली तर त्या पट्टीची घडी पुठ्ठ्यासारखी सपाट पडते, एक बाजू पुढे आणि एक मागे. आडव्या दिशेचा आकडा चार केला की पट्टी चौफेर मिटते. तयार होणाऱ्या आकाराला सगळे घन म्हणतात, पण पडदा चौरस नसल्यामुळे ती शाळेच्या भूमितीतली इष्टिकाचिती असते. आकडा तीन केला तर तळ त्रिकोणी, सहा केला तर षट्कोनी. कंट्रोल आणि अल्ट दाबून माउस ओढला की ही चिती बोटांखाली फिरते. एका बाजूवर अर्धवट पत्र, दुसऱ्या बाजूवर चालू असलेला चित्रपट, आणि तो फिरताना थांबत नाही. पाहुण्याला दाखवायची गोष्ट हीच. घड्याळजी घड्याळाचे झाकण उघडून चाके दाखवतो, तशी ती दाखवली जाई.

डोलणारी खिडकी हे त्याहून नाजूक काम. शीर्षकपट्टी धरून ओढली की खिडकी खरवसाच्या वडीसारखी थरथरते, कोपरे मागे रेंगाळतात, सोडल्यावर दोनचार हेलकावे घेऊन स्थिरावतात. आत चार गुणिले चार अशा सोळा बिंदूंची जाळी असते. प्रत्येक बिंदूला वस्तुमान आहे आणि शेजारच्या बिंदूंशी तो स्प्रिंगने बांधलेला आहे. माउसने धरलेला बिंदू हलला की स्प्रिंगा ताणल्या जातात, आणि ताणाच्या प्रमाणात मागे खेचतात. हा हूकचा नियम. घर्षण कमी केले की डोलणे लांबते, स्प्रिंग कडक केली की खिडकी ताठ होते. सोळा बिंदूंच्या मधला पृष्ठभाग गुळगुळीत वाकवायला बेझिएचे गणित वापरले जाते. पिएर बेझिए हे रेनो कंपनीतले अभियंते. मोटारींचे बाक रेखाटण्यासाठी त्यांनी ते वापरात आणले. मोटारीच्या टपाचे वळण आणि पत्राच्या खिडकीचे डोलणे एकाच समीकरणातून निघते. बारावीच्या पुस्तकात रुक्ष वाटलेले स्प्रिंग आणि घर्षण इथे सरकपट्टी ओढली की डोळ्यांदेखत बदलतात.

पाणी आणि आग ही शुद्ध हौस. शिफ्ट आणि एफ-नाइन दाबले की पडद्यावर पाऊस सुरू होतो. थेंब पडतो, वलये पसरतात, खालची अक्षरे भिंगातून दिसावीत तशी हलतात. आगीच्या प्लगइनने माउसच्या टोकाने पडद्यावर ज्वाळा रेखाटता येतात. यांचा उपयोग विचारणे म्हणजे दिवाळीतल्या भुईनळ्याचा उपयोग विचारणे. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे तर पैशांतले मोल नव्हतेच, वेळाचे मात्र पुष्कळ होते.

याच यादीत काही करामती अशा होत्या ज्यांनी कामाची रीत बदलली. ‘स्केल’ सगळ्या उघड्या खिडक्या लहान करून शेजारी शेजारी मांडते. हरवलेली खिडकी नावाने शोधण्याऐवजी चेहऱ्याने ओळखता येते. ‘एक्स्पो’ सगळे डेस्कटॉप एका नजरेत आणते. ‘झूम’ पडद्याचा हवा तो भाग मोठा करते आणि माउसबरोबर सरकते. कमी दिसणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. रंग उलटे करणारे प्लगइन पांढऱ्या पानावरची काळी अक्षरे काळ्या पानावर पांढरी करते. ज्या यंत्रणेने पाऊस पाडला तीच इथे चष्म्याचे काम करते.

खिडकी मिटण्याचे अ‍ॅनिमेशनही या दुसऱ्या गटातच मोडते. खिडकी एकदम नाहीशी झाली तर मन विचारते, कुठे गेली? तीच खिडकी आक्रसत खालच्या पट्टीतल्या आपल्या खुणेत शिरली, तर प्रश्नच उठत नाही. डोळ्याने तिला जाताना पाहिलेले असते. यासाठी गती नेमकी हवी. खरी वस्तू एका वेगाने सुरू होऊन एकदम थांबत नाही. ती हळू निघते, वेग घेते आणि मंदावत टेकते. व्यंगपटांच्या चित्रकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अवधीही आखूड लागतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. पूर्ण सेकंद घेतला तर पहिल्या दिवशी मौज वाटते, आठवड्याने कंटाळा येतो आणि महिन्याने राग. म्हणूनच करामती बसवणाऱ्यांचा प्रवास बहुधा सारखाच दिसतो: आधी सगळे चालू, मग एकेक बंद, शेवटी सावली, मिटण्याची छोटी गती आणि स्केल एवढेच शिल्लक. काहींना मोठ्या हालचालींनी भोवळही येते. त्यांच्यासाठी अ‍ॅनिमेशन कमी करण्याची सोय आजच्या डेस्कटॉपांत असते.

गतीला अंकगणित चुकत नाही. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो, म्हणजे दर चित्राला साधारण सोळा पूर्णांक सात मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळे थर रचून झाले नाहीत तर एक चित्र चुकते आणि हालचाल अडखळते. चित्र पडद्याच्या ठेक्याशी जुळले नाही तर वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा जुना, मध्ये फाटल्यासारखी रेघ. पूर्ण पडदाभर खेळ किंवा चित्रपट चालू असताना कंपोझिटरने मधून बाजूला व्हावे, अशी सोय म्हणूनच ठेवली गेली. लॅपटॉपवर बॅटरीचा हिशेबही यातच येतो.

कॉम्पिझची लाट ओसरली ती त्याचे काम इतरांनी अंगीकारल्यामुळे. २००८ च्या जानेवारीत आलेल्या केडीई ४ या डेस्कटॉपमध्ये केविन हा विंडो मॅनेजर स्वतःच कंपोझिटर झाला. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आले. त्याचे नवे कवच कंपोझिटरशिवाय उभेच राहत नव्हते. त्याच महिन्यात उबुंटूने युनिटीला आपला मुख्य डेस्कटॉप बनवले, आणि ते कॉम्पिझचेच एक प्लगइन होते; २०१७ मध्ये उबुंटू ग्नोमकडे परतेपर्यंत ते मुख्य राहिले. एआयजीएलएक्सवर काम केलेल्या क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँडची सुरुवात केली. त्याच्यात सर्व्हर आणि कंपोझिटर हे दोन वेगळे प्रोग्राम उरलेच नाहीत. पाटावर चित्रे रचणारा तोच पडद्याचा मालक झाला.

आज बसवण्याचे काम काही मिनिटांचे आहे. केडीई प्लाझ्मामध्ये सेटिंगमधल्या डेस्कटॉप इफेक्ट्सच्या पानावर डोलणाऱ्या खिडक्यांपुढे खूण केली की झाले. मधल्या काळात वगळलेला घन २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये परत आला. ग्नोममध्ये घन फिरवणारी आणि मिटताना खिडकी जाळणारी एक्स्टेन्शने मिळतात. कॉम्पिझच्या आठवणीने घडवलेला वेफायर हा वेलँडचा कंपोझिटर आहे. हलक्या यंत्रावर जुन्या एक्ससोबत पिकॉम नुसत्या सावल्या आणि विरघळणे पुरवतो. सेटिंगची फाइल हाताने लिहावी लागत नाही, काळा पडदा सहसा भेटत नाही.

आणि ज्याला यातले काहीच नको, तो सगळ्या खुणा काढून टाकू शकतो. सावली जाते, डोलणे थांबते, खिडकी ताठ चौकोनासारखी सरकते. तरीही ती सरकताना खालच्या खिडकीवर फराटे उठत नाहीत. पाऊस, आग आणि घन काढून ठेवले तरी पाट तिथेच असतो.